सहीशिवायची पोचपावती

एका वाचक भगिनीचं पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

"मी निवृत्त शिक्षिका. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आमच्या गावात वाचनालय चालवते. गेली तीन वर्षं आम्ही दर महिन्याला ई-पत्रिका काढतो. नवी पुस्तकं, गावातल्या मुलांचं लेखन, आसपासच्या ग्रामीण साहित्य संमेलनांच्या बातम्या, असं त्यात असतं. एका फुकट सेवेमार्फत ती ३४० सभासदांना ईमेलनं जाते. गेल्या महिन्यात आमच्याकडं मदतीला येणाऱ्या मुलानं त्या सेवेचं आतलं पान उघडून दाखवलं. कुणी पत्रिका उघडली, किती वाजता, कुठल्या लिंकवर किती वेळा बोट लावलं, सगळं नावानिशी. माझी जिवाभावाची मैत्रीण 'अंक छान झालाय' म्हणाली होती. तिच्या नावापुढं 'उघडला नाही' असं होतं. मराठी शाळेत शिक्षक नेमावेत म्हणून एक निवेदन आम्ही अंकात दिलं होतं. सरकारी नोकरीत असलेल्या एका सभासदानं ती लिंक चार वेळा उघडलेली दिसली. आमचे खजिनदार अण्णा म्हणतात, 'ही तर आपलीच माणसं की ओ! यादी काढा, एकेकाला फोन लावू, सह्या घेऊ, वर्गणीचंही विचारू.' अण्णांचा हेतू चांगला आहे. आमच्याकडं लपवण्यासारखंही काही नाही. तरी मला झोप लागेना झालीय. यादी द्यावी का? की पत्रिकाच बंद करावी? आणि माझ्यावरही कुणी अशी नजर ठेवत असेल का?"

ताई,

यादी देऊ नका, आणि पत्रिका बंदही करू नका. आधी एवढं सांगून टाकते, म्हणजे आज रात्री तरी डोळा लागेल. बाकीचं सावकाश बोलू. तुमच्या पत्रात दोन-तीन गोष्टी तुम्ही गृहीत धरून चालला आहात, आणि तुमची कोंडी त्यातूनच झाली आहे असं मला वाटतं.

तुम्हाला जे दिसलं ते घडतं कसं, ते आधी बघू. तुम्ही पत्रिकेत 'निवेदन इथे वाचा' असं लिहून लिंक जोडता. तुमच्या मते ती थेट निवेदनाच्या पानावर जाते. पण पत्रिका पोचवणारी सेवा ती लिंक वाटेतच बदलते. प्रत्येक सभासदाला वेगळा सांकेतिक क्रमांक देऊन ती स्वतःच्या पत्त्याची लिंक तयार करते. म्हणजे एकाच निवेदनाच्या ३४० वेगवेगळ्या लिंक ३४० घरी जातात. वाचकानं बोट लावलं की तो आधी त्या सेवेच्या संगणकावर पोचतो. तिथं त्याचा क्रमांक, वेळ, फोनचा प्रकार आणि इंटरनेटच्या पत्त्यावरून अंदाजे ठिकाण यांची नोंद होते, आणि पापणी लवायच्या आत त्याला निवेदनाच्या पानावर पाठवलं जातं. मधे एक थांबा झाला हे त्याच्या गावीही नसतं. पत्रिका 'उघडली' हे कळतं ते वेगळ्या पद्धतीनं. मजकुरात कुठंतरी ठिपक्याएवढं, डोळ्यांना न दिसणारं चित्र असतं. पत्र उघडलं की ते चित्र सेवेच्या संगणकावरून मागवलं जातं, आणि ती मागणी पोचली की तुमच्या मैत्रिणीच्या नावापुढं खूण पडते.

माझ्या लहानपणी आमच्या घरी रजिस्टर पत्र आलं की पोस्टमनकाका दारात उभे राहून पोचपावतीवर सही मागायचे. वडील चष्मा लावून आधी पाठवणाऱ्याचं नाव वाचायचे आणि मगच सही करायचे. एकदा तर त्यांनी पत्र परत पाठवलेलं मला आठवतं. पत्र पोचल्याचं समोरच्याला कळवायचं की नाही, हे त्यांच्या हातात होतं. तुमच्या पत्रिकेतून दर महिन्याला ३४० पोचपावत्या परत येतात आणि एकीवरही वाचकाची सही नसते. तुमच्या मनाला लागलं आहे ते हेच, आणि ते लागणं योग्य आहे.

मदतीला येणाऱ्या त्या मुलाला रागावू नका. त्यानं काहीही लावलेलं नाही. अशा बहुतेक सेवांमध्ये हा मागोवा सुरुवातीपासून चालूच असतो. बंद करायचा तर आपल्याला शोधून बंद करावा लागतो. उलट त्यानं तुम्हाला दाखवलं म्हणून हे कळलं.

आता मैत्रिणीकडं येऊ, कारण मला वाटतं पत्रातली खरी ठसठस तिथंच आहे. ती खोटं बोलली असं तुम्ही मनात धरलंय. पण त्या पानावरचं 'उघडला नाही' म्हणजे 'ते ठिपक्याचं चित्र मागवलं गेलं नाही', एवढंच. तिच्या ईमेलमध्ये चित्रं आपोआप न दाखवण्याची सोय चालू असेल तर ती अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेल आणि तरी खूण पडणार नाही. सुनेनं तिला मजकूर कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला असेल, वाचनालयातल्या छापील प्रतीवरून तिनं वाचला असेल. उलटही होतं. ॲपलच्या मेल ॲपमध्ये २०२१ पासून अशी सोय आहे की ती चालू असली तर माणसानं पत्र उघडो न उघडो, चित्रं आधीच मागवली जातात. म्हणजे ज्यांच्या नावापुढं 'उघडला' आहे त्यातल्या काहींनी अंक पाहिलाही नसेल. जिवाभावाच्या मैत्रीचा निकाल एका ठिपक्यावर लावू नका. तिला याबद्दल विचारूही नका. विचारलंत तर तिला पहिल्यांदा कळेल ते हे की तुम्ही तिच्यावर पाळत ठेवली होती.

त्या चार क्लिकचंही तसंच. अनेक कचेऱ्यांच्या ईमेलवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर असतं. पत्रातली लिंक धोक्याची नाही ना, हे बघायला ते स्वतःच ती उघडून पाहतं. ती उघडणीही माणसाच्या नावावर जमा होते. किंवा तो गृहस्थ पावसात जांबोटीकडं असेल आणि रेंज येत-जात असल्यामुळं एकच पान त्याला चारदा उघडावं लागलं असेल. किंवा त्याला निवेदन मुळीच पटलं नसेल आणि कुणाला तरी दाखवून तो त्यावर वाद घालत असेल. अण्णा म्हणतात 'आपलीच माणसं'. क्लिकमधून माणूस आपला की परका हे कळत नाही. पण यादी एकदा कागदावर आली की वाचणारा प्रत्येक जण तोच अर्थ काढणार.

आणि ती यादी कुणाकुणाच्या हाती पडेल? आज अण्णांच्या वहीत, उद्या कुणाच्या तरी फोनमधल्या फोटोत, परवा एखाद्या गटात. आपण सीमाभागात राहतो, ताई. इथं कुणी कुठल्या भाषेच्या निवेदनाला हात लावला ही साधी गोष्ट नसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. सरकारी नोकरीतल्या माणसानं सही करायची की नाही, उघडपणे करायची की नाही, हे त्यानं घरी बसून, बायको-मुलांचा विचार करून ठरवायचं असतं. निवेदन काय म्हणतं हे वाचून पाहण्याचाही त्याला हक्क आहे, कुणाला न सांगता. तुमच्या वाचनालयात येऊन, कपाटाशी उभं राहून तो एखादं पुस्तक चाळून परत ठेवतो, तेव्हा तुम्ही त्याची नोंद ठेवता का? पुस्तक घरी नेलं तर तो रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहितो. चाळण्याची नोंद कुठल्याच वाचनालयात होत नाही, आणि म्हणून तर माणसं तिथं मोकळेपणानं येतात.

'आमच्याकडं लपवण्यासारखं काही नाही,' असं तुम्ही लिहिलंय. हे वाक्य मी फार जणांकडून ऐकते, आणि दर वेळी विचारावंसं वाटतं की हे कुणाच्या वतीनं बोललं जातंय. तुमच्याकडं नसेल. ३४० जणांचं काय? ज्या न्यायालयीन निकालानं खासगीपण हा आपला मूलभूत हक्क ठरला, तो २४ ऑगस्ट २०१७ चा, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं दिलेला. हा हक्क मागायला गेलेले के. एस. पुट्टस्वामी हे आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. २०१२ मध्ये त्यांनी आधारच्या विरोधात याचिका केली तेव्हा ते ऐंशीच्या घरात होते. त्या माणसाकडं तरी लपवण्यासारखं काय असणार होतं? आपल्याबद्दल कुणाला काय कळू द्यायचं हे आपण ठरवावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अण्णांचा हेतू चांगला आहे यावर माझा विश्वास आहे. मराठी शाळेत शिक्षक नाहीत हे दुःख खरं आहे आणि सह्या लागणारच आहेत. पण सभासदांनी ईमेलचा पत्ता दिला तो पत्रिका यावी म्हणून. त्याचा उपयोग सह्या आणि वर्गणीसाठी करायचा असेल तर तसं त्यांना विचारायला हवं. २०२३ साली झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही हाच आहे: माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि घेताना स्पष्ट सांगून संमती घ्यायची. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी त्यात दीड वर्षाची मुदत आहे. मुदत भरेपर्यंत आपण थांबायचं काही कारण नाही. त्या कायद्यातलं एक कलम मला आपल्यासाठी फार मोलाचं वाटतं. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसपैकी कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय नागरिकाला मिळायला हवी, असं त्यात आहे. म्हणजे मराठीतही आणि कन्नडमध्येही. सरकारी परिपत्रकं आपल्या भाषेत मिळावीत म्हणून आपण वर्षानुवर्षं निवेदनं देत आलो. मग आपल्याच वाचकांबद्दल आपण काय टिपून ठेवतो, हे त्यांना त्यांच्या भाषेत सांगायला आपण मागं का राहावं?

तेव्हा अण्णांना सांगा, सह्या उघडपणे घेऊ. पुढच्या अंकात लिहा की निवेदनाची प्रत वाचनालयात टेबलावर ठेवली आहे, ज्यांना सही करायची आहे त्यांनी यावं, ज्यांना येणं जमत नाही त्यांनी कळवावं, कुणीतरी घरी येईल. सह्या कदाचित कमी होतील. पण झालेली प्रत्येक सही मनापासून असेल, आणि उद्या कुणी विचारलं तर तो माणूस 'हो, मी केली' म्हणून उभा राहील. फोनवर गाठून घेतलेल्या सहीचं तसं नसतं.

आता पत्रिकेचं. त्या सेवेच्या सेटिंगमध्ये उघडण्याचा आणि क्लिकचा मागोवा घेण्याचे दोन वेगळे पर्याय असतात. दोन्ही बंद करा. काही सेवांच्या फुकट योजनेत क्लिकचा मागोवा बंद करू देत नाहीत. तसं असेल तर सेवा बदला. खरं तर ३४० सभासदांसाठी अशा सेवेची गरजही नाही. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० जणांपर्यंत पत्र जाऊ शकतं. 'टू'मध्ये वाचनालयाचाच पत्ता आणि बाकी सगळे 'बीसीसी'मध्ये घाला, म्हणजे सभासदांना एकमेकांचे पत्ते दिसणार नाहीत. पन्नास-पन्नासच्या तुकड्या करून पाठवलंत तर ते स्पॅममध्ये जाण्याची शक्यताही कमी होते. बंद पडलेले पत्ते कळावेत म्हणून मागोवा लागतो, असं कुणी म्हणेल. लागत नाही. पत्ता चुकीचा असेल तर पत्र आपोआप परत येतं.

जुने अहवालही काढून टाका. आधी फक्त नाव आणि ईमेल एवढी यादी उतरवून घ्या, मग जुन्या अंकांच्या नोंदी पुसा. पुसता येत नसतील तर खातंच बंद करा आणि माहिती नष्ट करा असं त्या सेवेला लेखी कळवा. नोंदी पुसण्याआधी 'एकदा शेवटचं बघून घेऊ' असं मात्र करू नका.

दोन ठिकाणी आणखी जपा. तुम्ही अंक गूगल डॉक्समध्ये तयार करून तो वेबपेज म्हणून उतरवत असाल तर आतल्या लिंकपुढं गूगलचा पत्ता चिकटलेला सापडेल. मूळ लिंक त्याच्या पोटात असते. पाठवण्याआधी ती साफ करावी लागते. आणि कार्यक्रमाच्या पत्रकावर क्यूआर कोड छापता ना? फुकट कोड करून देणारी कितीतरी संकेतस्थळं त्या कोडमध्ये तुमचा पत्ता घालण्याऐवजी आधी स्वतःचा घालतात. छापण्याआधी फोननं कोड वाचून बघा, कुठला पत्ता दिसतो तो. आखूड केलेल्या लिंकचंही असंच, म्हणून लांब लिंक दिसायला वाईट दिसली तरी तीच द्या.

तुमचा शेवटचा प्रश्न, तुमच्यावरही अशी नजर असते का. असते. दुकानांची, वर्तमानपत्रांची पत्रं तुमच्या पत्रिकेसारखीच येतात, तसेच ठिपके घेऊन. जीमेलच्या सेटिंगमध्ये 'बाहेरची चित्रं दाखवण्याआधी विचारा' असा पर्याय आहे. तो निवडलात की ठिपक्याचं काम थांबतं. फेसबुकवरची बाहेर जाणारी लिंक आधी फेसबुकच्याच पत्त्यावरून जाते. ट्विटर, म्हणजे आताचं एक्स, प्रत्येक लिंक स्वतःच्या आखूड पत्त्यात गुंडाळतं. जीमेल ब्राउझरमध्ये उघडून क्लिक केलंत तर तीही लिंक गूगलच्या वाटेनं जाते. यात फसवी संकेतस्थळं अडवण्याचा भाग खरोखर असतो, आणि त्याचा लोकांना उपयोगही होतो. पण त्याच वाटेवर नोंदही होऊ शकते, आणि ती आपल्याला दिसत नाही.

लिंक कुठं जाते हे बघायचं तर संगणकावर बाण नुसता तिच्यावर ठेवा, खालच्या कोपऱ्यात पत्ता दिसतो. फोनवर बोट दाबून धरा. यानं बरंच कळतं, सगळं नाही. पत्ता तोच दाखवून क्लिक झाल्याचा निरोप पाठीमागून गुपचूप दुसरीकडं पाठवण्याची सोय वेबच्या रचनेतच आहे. फायरफॉक्स या ब्राउझरमध्ये ती मुळात बंद असते, क्रोममध्ये चालू. म्हणून वाचनालयातल्या संगणकांवर मी फायरफॉक्स बसवेन, आणि त्याला यूब्लॉक ओरिजिन हे माग काढणाऱ्या गोष्टी अडवणारं जोड-साधन लावेन. दोन्ही फुकट आहेत.

आणि एक सवय लावून घ्या, तुमच्याकडं येणाऱ्या मुलांनाही लावा. व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पुढं पाठवण्याआधी तिची शेपटी बघा. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम' (utm) या अक्षरांनी सुरू होणारे तुकडे दिसतील. ते अर्चिन नावाच्या कंपनीच्या मोजमापाच्या साधनातून आले. गूगलनं ती कंपनी २००५ मध्ये घेतली. वाचक कुठून आला एवढंच ते सांगतात, म्हणून त्यांचं फार वाटून घेऊ नका. 'एफबीसीएलआयडी' (fbclid) असं काही असेल तर ती फेसबुकनं २०१८ पासून जोडायला घेतलेली खूण, आणि ती प्रत्येक क्लिकला वेगळी असते. यूट्यूबचं शेअर बटण दाबलं की लिंकच्या शेवटी 'एसआय' (si) आणि पुढं अक्षरांची माळ येते. या खुणा पुसून टाकल्या तरी लिंक चालते. मात्र प्रश्नचिन्हानंतरचं सरसकट सगळं कापू नका. यूट्यूबच्या लांब पत्त्यात 'व्ही' (v) नंतरची अक्षरं म्हणजे त्या व्हिडिओचा क्रमांकच असतो. कापून झाल्यावर स्वतः एकदा उघडून बघा आणि मगच पाठवा. फायरफॉक्समध्ये २०२३ च्या अखेरीपासून राइट क्लिकवर शेपटी काढून लिंक कॉपी करायची सोय आहे, ती वापरलीत तर डोकं खर्च करावं लागत नाही. व्हॉट्सअ‍ॅपचा निरोप कुलूपबंद असतो, मग काळजी कशाला, असं पुष्कळांना वाटतं. निरोप कुलूपबंद असतो हे खरं. पण समोरच्यानं लिंक उघडली की शेपटी त्या संकेतस्थळाच्या हाती जाते, आणि तुमच्या लिंकवरची खूण घेऊन तुमच्या गटातली वीस माणसं तिथं पोचतात.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चार ओळी छापा. मजकूर मी सुचवते, हवा तसा बदला: 'ही पत्रिका कोण उघडतं, कुठली लिंक कोण वाचतं, याची नोंद आतापर्यंत आमच्या नकळत होत होती. ती आम्ही बंद केली आहे आणि जुन्या नोंदी पुसल्या आहेत. तुमचं नाव आणि ईमेल आमच्याकडं फक्त पत्रिका पाठवण्यासाठी आहे. यादीतून नाव काढायचं असेल तर उलट उत्तरी कळवा.'

छापण्याआधी हे अण्णांना वाचून दाखवा आणि खाली त्यांचंही नाव घाला. आणि तुमच्या वाचनालयात कन्नड पुस्तकांचं कपाट असेल, तर याच चार ओळी कन्नडमध्येही द्या.